नववा दिवस: चिंगीचे वजन अखेर वाढले

माझ्याकडच्या ज्या दोन सशांना मी मागच्या नोंदीत ‘दोघी बहिणी’ म्हटले होते, त्यांपैकी काजळ हा नर निघाला आणि भुरी नऊ दिवसांपूर्वी व्याली. (कोवळ्या सशांचे लिंग ओळखताना जाणकारही फसतात, एवढेच माझे समर्थन.) सहापैकी एक पिल्लू मृत जन्मले. उरलेल्या पाचांपैकी चौघांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ती पितात, झोपतात आणि फुगतात. माझी झोप उडवली ती पाचवीने, चिंगीने.

जन्मतः ती ३४ ग्रॅमची, तर भावंडे पंचेचाळिसाच्या पुढची. चौथ्या दिवशी भावंडांची पोटे टम्म होती आणि ताणलेल्या कातडीखालून दुधाचा पांढरा पट्टा दिसत होता. चिंगीचे पोट मात्र सुरकुतलेले आणि वजन ३३. भुरी दिवसातून एकदाच, पहाटे, जेमतेम चार मिनिटे पाजते. सशांची ती रीतच आहे. परंतु तेवढ्या वेळातल्या धक्काबुक्कीत चिंगी आचळापर्यंत पोहोचतच नव्हती. त्यातच स्वयंपाकघरातील काटा पिल्लू वळवळले की भलताच आकडा दाखवी, त्यामुळे दोन दिवस मी निष्कारण निश्चिंत राहिलो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पहिल्याच दिवशी हाताशी हवा, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

आधी मांजराच्या पिल्लांसाठीचे तयार दूध सिरिंजने पाजून पाहिले. दुसराच थेंब तिच्या नाकातून बाहेर आला आणि मी हात आवरता घेतला, कारण दूध फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया ठरलेला. तेव्हा दुधाऐवजी पंगतीचा क्रम बदलला. पाचव्या दिवसापासून चारही दांडग्यांना पहाटे उबदार खोक्यात हलवतो, चिंगीला तळहातात धरून तिचे अंग पुरते गरम करतो (गारठलेले पिल्लू पीत नाही), आणि पहिली दोन मिनिटे भुरीजवळ तिला एकटीला सोडतो. पहिल्या पहाटे ती आचळ शोधत दोनदा घसरली, मग एकदाची चिकटली आणि तिचे मागचे पाय ताठ झाले. सहाव्या दिवशी ३८.४ आणि आज ६१.२ ग्रॅम! भावंडांनी शंभरी ओलांडली आहे, तरी आज चिंगीच्याही पोटावर पट्टा दिसला.

घरट्यात कापूस घालण्याचा सल्ला मात्र मानू नये. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना आवळतात. वाळलेले गवत आणि भुरीने स्वतःच्या अंगाचे उपटलेले केस पुरेसे आहेत.

डोळे उघडले की घरटे मोडायचे, असे ठरवले होते. पण हे लिहीत असतानाच ध्यानात आले की काजळला मी वेगळे केले ते पिल्ले दिसल्यावर, म्हणजे काही तास उशिरा, आणि मादी व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा बाराव्या दिवसानंतर पशुवैद्यांकडून भुरीचे पोट चाचपून घेईन आणि तोवर घरटे राहू देईन. काजळची नसबंदीही ठरली आहे, मात्र त्यानंतरही काही आठवडे त्याचा मुक्काम वेगळ्याच खोलीत.