ओपन डेला जावं की नको?

गोवा विद्यापीठाच्या ओपन डेचा, म्हणजे पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना विभाग दाखवायच्या दिवसाचा, मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा माझं उत्तर 'नको' असंच होतं. ताळगाव पठार मला नवीन नाही. पणजीत जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, शिकते, सेमिनारच्या निमित्ताने गोवा विद्यापीठात जाणं-येणं झालेलं आहे. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती. त्यात डिचोलीहून पणजी, तिथून दुसरी बस धरून पठार, म्हणजे अख्खा शनिवार गेलाच.

मैत्रीण म्हणाली, प्रॉस्पेक्टसमध्ये सगळं असतं. असतंच तसं. जागा किती, फी किती, राखीव जागा, हॉस्टेल, प्रवेशासाठीची जीयू-आर्ट परीक्षा. मी ते रात्री नीट वाचून काढलं आणि वाचूनही जे प्रश्न उरले ते वहीच्या मागच्या पानावर लिहिले. फील्डवर्कला गेल्यावर मुलींची राहायची सोय कशी असते? डिझर्टेशनचा विषय आपण निवडायचा की सर देतात? जिऑलॉजी करून बाहेर पडलेली मुलं आज नेमकी काय करतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ई-मेलवर मिळाली असती. तिसऱ्याचं उत्तर 'विविध क्षेत्रांत कार्यरत' असं आलं असतं, आणि ते घेऊन मी काय करणार होते?

कारण तो तिसरा प्रश्न खरं तर बाबांचा होता.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये परत बंद झाल्या. मधल्या काळात ट्रकचे हप्ते कसे भरले ते आईला विचारावं. आता लिलाव होऊन आमच्या डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागलंय, पण बाबांचा ट्रक केव्हाच विकला गेला. जिऑलॉजी म्हणजे खाण, आणि खाणीचा काय भरवसा, हा त्यांचा हिशेब. "केमिस्ट्री घेतली असतीस तर वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत तरी लागली असतीस," हे वाक्य आमच्याकडे जेवताना ठरलेलं.

यूपीएससी भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेते, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था सांगितली, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र सांगितलं, जिथून माणसं थेट अंटार्क्टिकाला जातात. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" पोरीच्या तोंडून आलेल्या माहितीला घरात किती किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा मग ठरवलं: बाबा येणार असतील तर जायचं, नाहीतर घरी बसून अभ्यास. 'विद्यापीठ बघायला चला' म्हटलं असतं तर ते आले नसते. शनिवारी बसचे हाल होतात, स्कूटरवरून सोडता का, एवढंच विचारलं. आईच्या लगेच लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही.

सभागृहातली भाषणं आम्ही टाळली. कुणी विचारलंच तर मी हेच सांगेन, सरळ आपल्या विभागाच्या टेबलाकडे जावं. तिथे पेडण्याची एक सीनियर मुलगी बसली होती. मी वही काढेपर्यंत बाबांनी तिला विचारलंसुद्धा, "खाणी परत बंद पडल्या तर तू काय करशील?"

ती हसली. म्हणाली, माझा विषय खाण नाही, पाणी आहे. वरच्या जांभ्यात पाणी मुरतं, खालच्या भुसभुशीत खनिजाच्या थरातही पाणी असतं. खड्डा त्या पातळीच्या खाली गेला की कोरडा ठेवण्यासाठी पाणी उपसत राहावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. खाण चालू असो की बंद, हे मोजायला माणूस लागतोच.

रात्रंदिवस चालणारे ते पंप बाबांनी डोळ्यांनी पाहिलेले. कुठल्या खड्ड्यात किती पंप होते, कुठल्या वाड्यावरची विहीर आधी आटली, ते तिला सांगू लागले आणि ती चक्क लिहून घेऊ लागली. माझे दोन प्रश्न मी शेजारच्या मुलाला विचारून उरकले.

घरून पाठिंबा आहे, विषय ठरलेला आहे, अशांनी या दिवसासाठी परीक्षेचा अभ्यास बुडवू नये असं माझं अजूनही मत आहे. माझं तसं नव्हतं. फॉर्म भरताना अप्लाइड जिऑलॉजी पहिली टाकली, मरीन सायन्सेस दुसरी. बाबा बाजूलाच बसले होते. केमिस्ट्रीचं नाव निघालं नाही. जीयू-आर्टचं केंद्र कुठे येतं आणि किती वाजता पोचावं लागतं, तेवढं त्यांनी विचारलं.