युरेका ड्यून्सची प्रिमरोज: पाकळ्या नको, बुडखा बघा

कॅलिफोर्नियातल्या बिग पाइन गावाहून युरेका ड्यून्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, साधारण 50 मैल. त्यातले शेवटचे 10, साउथ युरेका रोडचे, नीट ऐकून घ्या. गाडी भाड्याने देणारा म्हणाला, "कुठलीही गाडी जाते." साफ खोटं. सबंध रस्ता पन्हळी पत्र्यासारखा, आणि त्यात धारदार दगड. परतताना मागचं टायर बाजूने फाटलं. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही, नुसता पंप आणि पंक्चरच्या औषधाची बाटली. बाजूने फाटलेल्या टायरला ती काय करणार? मोबाइलला रेंज नाही. तीन तासांनी एक पिकअपवाला भेटला. गाडी ओढून न्यायचे 1,150 डॉलर पडले. कच्च्या रस्त्याला विमा लागू नाही, हे करारात बारीक अक्षरांत होतं, तेव्हा सगळे खिशातून गेले. पूर्ण मापाची स्टेपनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाऊ नका.

गेलो होतो एका फुलासाठी. डेथ व्हॅली नॅशनल पार्कातल्या या खोऱ्यात एक बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणारी, ईव्हिनिंग प्रिमरोज आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दुकानातल्या कॅप्सूलमधलं तेल जिच्यापासून निघतं ती प्रिमरोज वेगळी, दोन वर्षांत संपणारी. आपल्या भातखाचरांकडेची पिवळी पानलवंग याच कुळातली.

पहिल्या संध्याकाळी मी आणि मेहुणा पार फसलो. टेकड्यांच्या बरंच अलीकडे, रस्त्याकडेच्या वाळूत मोठी पांढरी फुलं दिसली. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, कुक्षीला चार फाटे. सगळं जुळलं, आणि उजेड जाईपर्यंत आम्ही तिथेच फोटो काढत बसलो. ती निघाली एका वर्षात मरणारी बहीण. शेजारी वाळलेल्या काड्या वर आत वळून पिंजऱ्यासारख्या झाल्या होत्या. ही वर्षायू जात मरताना तसाच पिंजरा करते. खूण समोर होती, आम्हाला वाचता आली नाही.

म्हणून सांगतो, पाकळ्यांवर जाऊ नका. दोघींच्या पांढऱ्याच असतात, कोमेजताना दोघींच्या गुलाबी पडतात. बुडाशी बघा. बहुवर्षायू असते तिला वाऱ्याने आलेली वाळू गाडते, आणि गाडलेल्या फांदीच्या टोकाला राखट पानांचा नवा झुपका फुटतो. वरून चार-पाच सुटी रोपं वाटतात, खाली झाड एकच. खात्री करायला वाळू उकरू नका, झुपक्यांमधून चालूही नका.

दुसऱ्या संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी पोटावर पडून एक कळी बघितली. आधी निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण, फाटली, मग पाकळ्या थरथरत सुटल्या आणि काही मिनिटांत फूल पूर्ण उघडलं. पराग खाली झडत नाही, चिकट तंतूंत ओवल्यासारखा लोंबतो. अंधार पडता पडता हॉकमॉथ नावाचा मोठा पतंग आला, लांब सोंड घालून फुलासमोर तरंगत राहिला. मेहुण्याने श्वास रोखून धरला होता. त्या दहा मिनिटांसाठी मी तो रस्ता पुन्हा तुडवीन.

टेकडी 680 फुटांची आहे, सकाळी चढलो, छान आहे.

पूर्वी या वाळूवर गाड्या पळवत. हे झाड 1978 साली धोक्यातल्या वनस्पतींच्या अमेरिकेच्या केंद्रीय यादीत गेलं, 2018 साली बाहेर आलं. गाड्या आणि सँडबोर्ड (वाळूवरून घसरायची फळी) आजही बंद आहेत, ते पाळाच.

एप्रिल-मेमध्ये जा, तेही हिवाळ्यात पाऊस झाला असेल तरच. मुक्काम करावाच लागतो, कारण सकाळी ऊन चढलं की फुलं मिटतात. पाण्याचा थेंब मिळत नाही, माणशी दिवसाला चार लिटर न्या, आणि टायर फाटलं तर एक दिवस जास्तीचा धरा.