माथेरानला गाड्या नाहीत, पण घोडे आहेत: बुंदीसोबतचे दोन दिवस

"माथेरानला गाड्याच नाहीत, तुमच्या बुंदीला याहून चांगली जागा मिळणार नाही." वर्षभरात हे मला किमान पाच जणांनी सांगितलं. त्यातल्या दोघांकडे स्वतःची कुत्री आहेत. त्यांच्यावर विसंबून आम्ही गेलो. कुणी खोटं बोललं नाही हे खरं, पण घोड्यांबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही.

बुंदी आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, वजन सतरा किलो. भांडुपला एलबीएस रोडवर गाडीखाली आली होती, मागचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. आमच्याकडे आली तेव्हा पहिले चार महिने बिल्डिंगच्या गेटबाहेर पाऊल टाकायची नाही. रिक्षाचा हॉर्न वाजला की जमिनीला चिकटून बसायची. तीन वर्षं एका बिहेविअरिस्ट (कुत्र्यांच्या वागणुकीच्या तज्ज्ञ) ताईंच्या मार्गदर्शनाखाली, एकदाही न ओढता, न ओरडता, आम्ही तिला मुलुंडच्या रस्त्यावर चालती केली आहे. म्हणून गाड्या नसलेलं गाव म्हटल्यावर मी हुरळले. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कुत्रं नेता येत नाही. ठाण्याचं येऊरही त्याच जंगलाचा भाग, आणि तिथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्री असतातच. मग मुंबईजवळ झाडी हवी, डांबर नको, तर उरतं काय?

फेब्रुवारीतला शनिवार-रविवार धरला. ही पहिली चूक, आणि ती पूर्णपणे माझी. मी आणि भाचा, भाड्याची गाडी, सकाळी सव्वानऊला दस्तुरी नाका. गाड्या इथेच थांबतात. इथून अमन लॉज स्टेशनपर्यंतचा तुकडा चालायला दहा मिनिटांचा आहे. आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. या तुकड्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण कुत्र्याला घेऊन जाणाऱ्याचं माथेरान इथेच ठरतं.

गाडीचं दार उघडण्याआधीच काचेजवळ दोन माणसं. एक म्हणाला, हॉटेल लांब आहे, घोडा घ्यावाच लागेल. दुसरा म्हणाला, कुत्र्याला चालत सोडत नाहीत, हमाल करा, हजार रुपये. दोन्ही साफ खोटं. चालत जाता येतं, आम्ही गेलो. अशा फसवणुकीला कंटाळून २०२५च्या मार्चमध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. तरी कुत्रं हातात असताना माणूस गडबडतो. त्यांच्याशी वाद घालत मी दार उघडलं आणि बुंदी थेट घोड्यांच्या रांगेसमोर उतरली. सगळ्यात जवळचा घोडा पंधरा फुटांवर.

मुंबईतल्या कुत्र्याला घोडा दिसतो कुठे? लग्नाच्या वरातीत. बँड, फटाके, जनरेटरची धडधड, आणि मधोमध घोडा. बुंदीच्या डोक्यात टापांचा अर्थ तोच. तिने तोंड मिटलं, शेपूट पोटाखाली घेतली, मान न वळवता डोळ्यांची पांढरी कड दाखवत घोड्याकडे पाहू लागली. मी उकडलेल्या कलेजीचा तुकडा ओठांशी धरला. तिने तो घेतला, चावला नाही, तसाच तोंडातून खाली पडू दिला. लाल धुळीत पडलेला तो तुकडा पाहिला आणि मला कळलं की आता शिकवायचं काही नाही, फक्त इथून बाहेर पडायचं. घरी जे कुत्रं कलेजीसाठी दार खरवडतं ते कलेजी टाकतं, तेव्हा त्याची शिकण्याची क्षमता संपलेली असते. सूचना, आवाज, ट्रीट, काहीही आत पोहोचत नाही.

नेमकं तेव्हाच सल्ला देणाऱ्यांनी घेरलं. एकाने "दोन फटके द्या" म्हटलं, ते सोडून दिलं. पण एक गृहस्थ स्वतःला ट्रेनर म्हणवत पुढे आले. त्यांच्या लॅब्राडोरच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी होती, तशीच दुसरी त्यांनी पिशवीतून काढली आणि म्हणाले, "एक झटका द्या, मालक कोण ते तिला कळू दे." मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या हातातल्या पट्ट्याला झटका दिलाही. बुंदी किंचाळली, आणि त्याच क्षणी समोरचा घोडा फुरफुरला. तिच्या दृष्टीने घोडा दिसला आणि दुखलं. हेच त्या झटक्याने शिकवलं. अंगात छातीभोवतीचा हार्नेस होता म्हणून बरं, नुसती कॉलर असती तर ती मान सोडवून दरीच्या दिशेने गेली असती.

'मालक कोण' ही कल्पना येते लांडग्यांच्या जुन्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ मध्ये बंदिस्त, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधल्या सत्तेच्या चढाओढीवर लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे कळपावर सत्ता गाजवणारा, हा शब्द घरोघरी नेला. पुढे मीच यांनीच रानातल्या कळपांचं निरीक्षण करून १९९९ मध्ये मांडलं की तो कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची चढाओढ नव्हे. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर या पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कुठल्याही कुत्र्यासाठी बक्षिसावर आधारलेलं शिक्षणच वापरावं, आक्रमक कुत्रीही त्यात आली. ज्याने ही मांडणी घरोघरी नेली त्यानेच ती मागे घेऊन पाव शतक झालं, आणि आपल्याकडे अजून साखळ्या विकल्या जातात. मी त्या गृहस्थांच्या हातातून पट्टा काढून घेतला आणि तिथून निघाले. तुम्हीही बोलत बसू नका. पट्ट्याला परक्या हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा.

बाहेर कशी पडले ते सांगते. रस्ता सोडून उजवीकडच्या झाडीत चाळीस-पन्नास पावलं आत गेलो. एका जांभळाच्या मागे बसलो, घोडे दिसणार नाहीत पण टापा अंधुक ऐकू येतील असे. भाच्याने मूठभर कोरडं खाणं पाचोळ्यात उधळलं. बारा मिनिटं बुंदी नुसती उभी होती. मग एक जांभई, मग अंग झाडलं, मग नाक खाली. हुंगायला लागलं की कुत्रं परत येतंय असं समजायचं. आम्ही चाळीस मिनिटं तिथेच बसलो. मग घोड्यांचा रस्ता टाळून रुळांकडेच्या पायवाटेने गावाकडे निघालो. ही वाट मला दस्तुरीला कुणीही दाखवली नाही, एका भाजी वाहणाऱ्या बाईंनी हाताने खूण केली. अमन लॉज ते माथेरान मिनी ट्रेनची शटल याच रुळांवरून धावते, तेव्हा कान उघडे ठेवा आणि गाडी येण्याआधी कुत्र्याला घेऊन बाजूला दहा-पंधरा फूट लांब जा.

आता थेट सांगते. तुमचं कुत्रं घोड्यांना घाबरत असेल किंवा त्यांच्यावर धावून जात असेल, तर शनिवारी-रविवारी माथेरानला जाऊ नका. ट्रीट कितीही चांगली असो, पट्टा कितीही मजबूत असो. मंगळवार ते गुरुवार जा, आणि दस्तुरीला सातच्या आत पोहोचा. घोडा कधी पाहिलाच नसेल तर आधी महिनाभर घरी तयारी करा: टापांचा आवाज मोबाईलवर इतका हळू लावा की कुत्र्याचा फक्त कान हलेल, आणि आवाज सुरू असेपर्यंतच चिकन द्या. आवाज बंद, चिकन बंद. आठवड्याने थोडा वाढवा. घाई केलीत तर पहिल्या पायरीवर परत यावं लागेल. आम्ही गाड्यांसाठी हे सगळं केलं होतं. घोड्यांसाठी करायचं कुणी सुचवलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

हॉटेलचं प्रकरण. फोनवर "कुत्र्याचे पैसे नाहीत, आवारात घोडे येत नाहीत" असं सांगितलं होतं. काउंटरवर बाराशे रुपये रात्रीला, आणि खिडकीबाहेर आठ घोडे बांधलेले. मी थकले होते, भरले पैसे. तुम्ही भरू नका. बुकिंग करताना दर लेखी मागवा, आणि खोली मागच्या बाजूची हवी हेही लेखी घ्या. आमची खोली बदलून मिळाली ती भाचा तासभर ठाण मांडून बसला म्हणून.

माकडं. ट्रीटवर चालणाऱ्या माणसांना इथे वेगळीच अडचण आहे: पिशवीचा खडखड झाला की माकड आलंच. भाच्याच्या हातातली पिशवी एका माकडाने मार्केटजवळ हिसकावली आणि बुंदी पुन्हा हादरली. ट्रीट कमरेच्या, आवाज न करणाऱ्या झाकणाच्या कापडी पाऊचमध्ये ठेवा. प्लास्टिक नको. आणि माकडं असतील तिथे खाणं अजिबात उधळू नका, माझी वरची युक्ती फक्त निर्जन झाडीत.

गावातली कुत्री मागे येतात. त्यांचं ते घर आहे. बुंदीला मागे घेऊन मूठभर खाणं त्यांच्या बाजूला टाकलं आणि वळून चालू लागलो, पाचही वेळा पुरलं.

दुसरा दिवस, म्हणजे रविवारची पहाट ते दुपार, शार्लट लेककडच्या झाडीत गेली. छान गेली. तलावात कुत्रं उतरवू नका, गाव ते पाणी पितं. पॅनोरमा पॉइंटला मी नेलं नाही, वाट लांब आहे आणि घोडे तिथेही जातात. कुठल्याही पॉइंटच्या कडेला लांब पट्टा वापरू नका, दीड मीटरचा पुरे.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार मी दस्तुरीच्या त्या जांभळाखाली बसून केला. पंजा कापला किंवा पाय मुरगळला तर तुमची गाडी आत येणार नाही. कुत्रं उचलून आणायची तयारी हवी. सतरा किलो मी अर्धा किलोमीटर नेऊ शकते, भाचा थोडं जास्त. कापडी झोळी न्या, आणि ती वापरायची सवय कुत्र्याला घरीच लावा. कर्जत-नेरळ बाजूच्या एका व्हेटचा नंबर आधी मिळवून, एकदा फोन करून ठेवा. परतल्यावर बोटांच्या मध्ये, कानांच्या घड्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. घोडे बांधतात तिथल्या गवतातून आम्ही तीन आणले. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती, हिरड्या पांढुरक्या होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, गोचीड-ताप वाट पाहत नाही.

परतायचं होतं रविवारी दुपारी. दुपारची दस्तुरी पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून एक रात्र वाढवली, परत बाराशे रुपये, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला टॉर्च लावून रुळांकडेने निघालो. सव्वासहाला नाक्यावर. पार्किंगच्या पलीकडे, साठ-सत्तर फुटांवर एकच घोडा उभा होता, मालक त्याच्या पाठीवरचं पोतं झटकत होता. बुंदी थांबली. मी काही बोलले नाही, पट्टा सैल ठेवला. तिने घोड्याकडे पाहिलं, मनात तीन आकडे मोजून होतील इतका वेळ, आणि मग स्वतःहून माझ्याकडे वळली. कलेजी दिली. तिने चावून खाल्ली. पुन्हा घोड्याकडे, पुन्हा माझ्याकडे. आम्ही हे सहा वेळा केलं आणि सातवी वेळ यायच्या आत तिला गाडीत घेतलं. मला रडू आलं, भाचाही गप्प होता. जमतंय तिथे थांबायचं असतं. त्या सकाळी अजून दहा फूट जवळ जाण्याचा मोह मला फार झाला होता.

ड्रायव्हरने केसांसाठी म्हणून आठशे रुपये जादा मागितले. गाडी ठरवताना कुत्रं आहे हे सांगितलं होतं आणि सीटवर आमची चादर होती, म्हणून दिले नाहीत. नेरळपर्यंतच्या वळणांवर बुंदीला दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा टॉवेलवर. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं, सहा तुकडे कलेजी होती पोटात.