दक्षिणेच्या भिंतीवरची मोट

छज्जा आधी फोडा, असं मीच सांगितलं होतं. दोन महिने होत आले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दादर पूर्वेची तीन मजली इमारत. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत, त्यातही ‘अ’ वर्गातली, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 च्या आधी बांधलेली. पुनर्विकासाचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि माझ्या टेबलावर पडलं. लोकांना वाटतं आर्किटेक्ट दिवसभर इमारतीचं रूप रेखाटत बसतो. मुंबईत माझे दहातले सात तास गाड्या कुठे लावायच्या, अग्निशमन दलाची गाडी कुठून वळेल, लिफ्टची लॉबी किती रुंद आणि कशाचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मोजणीत, धरायचं यात जातात. त्याची मला तक्रार नाही. ते नीट केलं नाही तर माणसं जळून मरतात. पण त्यातून उरलेला हात कुठेतरी मातीत घालावा लागतो, म्हणून गेली अकरा वर्षं मी भांडुपच्या एका गाळ्यात संध्याकाळी आणि रविवारी शिल्पं करते. दोन्ही कामं मी वेगळी ठेवत आले. ऑफिसात कुणी विचारलं तरच सांगायचं, आणि गाळ्यात ऑफिसचा फोन घ्यायचा नाही.

या इमारतीच्या दरवाज्यावर एक उठावशिल्प होतं. सहा फूट लांब, अडीच फूट उंच, सिमेंटमध्ये जागेवरच केलेलं. विषय मोटेचा, बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायचा. डावीकडे विहीर, चाक आणि मोटेचं पाणी जिथे पडतं ते थारोळं, मधे नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसलेला माणूस, उजवीकडे धावेच्या उतारावरून खाली येणारे दोन बैल. करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या 1936 च्या इमारतीवर शिल्पकार ना. ग. पानसऱ्यांनी केलेल्या उंच आकृती सगळ्यांना माहीत असतात. त्याच काळात दादर-माटुंग्याच्या साध्या भाड्याच्या घरांवरही कुणीतरी असं काम करत होतं, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. इमारत वारसा यादीत नव्हती, त्यामुळे पाडायला वारसा समितीची वेगळी परवानगी लागणार नव्हती. पाडकामाचा नकाशा मी काढला, खाली सही माझी.

शिल्प वाचवायचं हेही मीच ठरवलं. विकासकाच्या माणसाने हरकत घेतली नाही. “मॅडम, लॉबीत फीचर वॉल म्हणून छान दिसेल,” म्हणाला. मला शुक्रवार आणि शनिवार मिळाला. शुक्रवारी साचा घ्यायचा, शनिवारी शिल्पामागची वीटभिंत कापून सगळं अखंड उतरवायचं. मागे नऊ इंची वीटकाम, पुढे सिमेंट, धरून साधारण 700 किलो. पुढून-मागून लोखंडी चॅनेलची चौकट, वजन टांगायची घोडी आणि चेन पुली. माझा हिशेब तयार होता.

साच्यासाठी मामांना बोलावलं. मामा मूळचे पेणचे. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं साचे घेतले आहेत. मुंबईतल्या शिल्पकारांची नावं प्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापतात, साचेवाल्यांची छापत नाहीत. यात मोठा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण साचा फसला की शिल्पकाराच्या सहा महिन्यांची माती होते.

आधी दोन रात्री आम्ही रंग काढला. वर ऑइल पेंट, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याचे हात. मोजले तेव्हा सात थर भरले. तारेचा ब्रश मामांनी हातात घेऊ दिला नाही. बांबूची कोरणी, ओलं फडकं आणि वेळ. शेवटचा चुना निघाला तेव्हा बैलाच्या वशिंडावर ओल्या सिमेंटवरून ओढलेल्या कंगव्याच्या रेघा दिसल्या, कातडीच्या सुरकुत्यांसाठी काढलेल्या. गेली कित्येक वर्षं त्या कुणालाच दिसल्या नसणार.

शुक्रवारी सकाळी रबर. उभ्या भिंतीवर सिलिकॉन लावणं म्हणजे पातळ पिठाचं धिरडं भिंतीवर घालण्यासारखं आहे, ओघळतंच. पहिला हात पातळ, ब्रशने, प्रत्येक खाचेत फुंकर मारत, नाहीतर हवेचा बुडबुडा राहतो आणि ओतकामात तिथे मस उठतो. दुसऱ्या हातापासून घट्ट करायचं औषध घालायचं. मधे मलमलच्या पट्ट्या. चार हातांनंतर जाडी करंगळीच्या निम्मी झाली पाहिजे. त्यावर फायबरचं कव्हर, तुकड्यातुकड्यांचं, म्हणजे खोल खाचा असल्या तरी एकेक सुटतं.

पहिला हात देताना मला काहीतरी विचित्र जाणवलं. आकारांच्या डाव्या कडांना माझा ब्रश आत जात होता, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. उजव्या कडा मात्र भिंतीत अलगद मिसळत होत्या. बैलाची मान, माणसाचा खांदा, चाकाचा कणा, सगळीकडे तेच. मामांना म्हटलं, याने असं एकाच बाजूने का कोरलंय? मामा काही न बोलता रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मग हाक मारली, “ताई, इकडून बघा.”

साडेनऊ झाले होते. भिंत दक्षिणाभिमुख, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की सकाळचं ऊन उजवीकडून, अगदी तिरकं घासत येतं. जिथे अजून रबर लागलं नव्हतं तिथे प्रत्येक डाव्या खाचेत सावली भरली होती आणि बैल भिंतीपासून सुटून चालत होते. वर फूटभर उंचीवर फूटभर पुढे आलेला छज्जा होता, त्याची सावली शिल्पाच्या वरच्या कडेला टेकून थांबली होती, रेघ मारल्यासारखी. मी ओळंबा आणला. शिल्पाची पाटी ओळंब्यात नव्हती. वरची कड खालच्या कडेपेक्षा दीड इंच पुढे झुकलेली होती, खालून बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी.

सूर्याचा मार्ग मी रोज काढते. कॉम्प्युटरवर, कुठल्या खोलीत किती ऊन येईल त्यासाठी. त्या माणसाने तो थापीच्या टोकावर धरला होता.

जे. जे. च्या एकाच आवारात चित्र-शिल्प, उपयोजित कला आणि आर्किटेक्चर ही तिन्ही कॉलेजं आहेत. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं, आर्किटेक्चरचं शिक्षण त्याच्याच पोटातून निघालं. 1865 मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग तिथे इमारतींवरचं शिल्पकाम शिकवत. हाकेच्या अंतरावरच्या क्रॉफर्ड मार्केटवर त्यांची उठावशिल्पं आहेत. बोरीबंदरच्या स्टेशनवरच्या कोरीवकामात त्या स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आणि मी तिथे पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले तेव्हा आम्हाला कुणीही शेजारच्या शिल्पविभागात एक दिवससुद्धा नेलं नाही. कंपाउंड एक, मधे झाडं, पण जाणं-येणं नाही. याचा राग मला आजही आहे.

शनिवार. वरचे मजले आधीच उतरले होते. पाडकामाचा ठेकेदार भंगारावर काम घेतो, सागवान आणि लोखंड यांत त्याचे पैसे. म्हणून त्याची घाई समजण्यासारखी होती. घोडी उभी करताना छज्जा आड येत होता. चेन सरळ लोंबकळेना. ठेकेदाराच्या मुकादमाने मला विचारलं, “छज्जा ठेवायचा की काढायचा?” मी वर पाहिलं. छज्जा हा इमारतीचा भाग, शिल्प हा वेगळा भाग. इमारत पाडायची आहे, शिल्प ठेवायचं आहे. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला मी खालच्या लिंटेलबद्दल, म्हणजे दारावरच्या तुळईबद्दल, विचारलं होतं, छज्ज्याबद्दल विचारायचं सुचलंच नव्हतं. तो माणूस चोख आहे. विचारलं असतं तर साइटवर येऊन बोटाने दाखवलं असतं.

“आधी छज्जा फोडा,” मी म्हटलं. “हाताने, मशीन नको.”

तिसऱ्या-चौथ्या घणाला छज्ज्याचं टोक खाली कललं आणि शिल्पात आवाज झाला. मोठा नाही, पापड मोडावा तसा. माणसाच्या पाठीमागून वरून खाली चीर गेली. मी थांबा म्हणून ओरडले, मुकादमाने घण सोडला, पण उजवा अर्धा भाग आपसूक भिंतीवरून सुटला आणि गोणपाटांवर आला. बैलांचा भाग. नऊ मोठे तुकडे.

का, ते तुकडे उलटल्यावर कळलं. छज्ज्याच्या सळया मागच्या बीममध्ये जाऊन तिथून खाली वळवून विटांच्या जोडात उतरवल्या होत्या. शिल्पाच्या आतल्या तारा त्याच सळयांना पीळ देऊन बांधल्या होत्या. छज्ज्यावरची भिंत होती तोवर तिच्या वजनाने सगळं दाबून धरलेलं होतं. ती भिंत आम्ही आठवडाभर आधी उतरवली. मग छज्जा कलला तशा सळया उपटल्या, आणि त्यांनी तारा ओढल्या, तारांनी बैल. ज्याने छज्जा ओतला त्याने आणि ज्याने बैल केले त्याने एकाच दिवशी, एकाच परांचीवर काम केलेलं असणार. कदाचित तो एकच माणूस असेल.

कुठल्याही नवशिक्या इंजिनिअरने विचारलं असतं की हा छज्जा कशाने तोलला आहे. मी आर्किटेक्ट आहे, छज्जे रोज काढते. त्या क्षणी मी शिल्पकार म्हणून उभी होते आणि शिल्पाकडेच बघत होते.

मामांनी एक तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मोटेला दोन दोर असतात, जाड तो नाडा आणि खालून जाणारा बारीक सोंदूर. नाडा काथ्यावर सिमेंट चढवून केला होता. सोंदुराच्या जागी भिंतीवर मला नुसती एक फुटकी रेघ दिसली होती, मी ती तडा समजले होते. तुकड्यात तिच्या आत लोखंडाची बारीक, पन्हळीसारखी काडी होती, गंजून फुगलेली. “छत्रीची काडी आहे ही,” मामा म्हणाले. “गंजली, फुगली, वरचं सिमेंट उडवलं. बाकी काम पक्कं आहे त्याचं.”

तुकडे नंबर टाकून गोण्यांत भरले. राहिलेला डावा अर्धा भाग चौकटीत बांधून संध्याकाळी उतरवला. तो शाबूत आहे. साचा आदल्या दिवशी घेतलेला होता, एवढंच नशीब.

खरी अडचण पुढे होती, आणि तीही माझ्याच हातची. नवीन इमारतीचं प्रवेशद्वार मी पश्चिमेला ठेवलं आहे, कारण तिथला रस्ता रुंद. दक्षिणेला अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी जागा, आणि पोडियमच्या, म्हणजे इमारतीच्या खालच्या पसरट भागाच्या, त्या भिंतीवर मीटर रूमची जाळी. लॉबीत वरून चार एलईडी सोडले की या शिल्पाच्या सगळ्या डाव्या खाचा आंधळ्या होतात. विकासकाच्या माणसाने मला सोनेरी रंग दिलेल्या नमुन्याचा फोटोही पाठवला. त्याच्यावर मी चिडले नाही. त्याने त्यावर कधी ऊन पाहिलेलंच नाही.

ओतकाम मामांनी आणि मी मार्चमध्ये केलं. सिमेंट आणि काचतंतू, मागून पोकळ, वजन 40 किलोच्या आसपास. सोंदुराची रेघ साच्यात फुटकीच आली होती. ती मी पितळी तारेवर पुन्हा भरली, गंजू नये म्हणून. भर नवीन आहे हे जवळून कळावं म्हणून तिला कंगवा फिरवला नाही.

मार्च संपला की दक्षिणेच्या भिंतीवर सकाळचं असं ऊन येत नाही. सूर्य उत्तरेकडे सरकतो, मेच्या मध्यावर मुंबईच्या थेट डोक्यावर येतो आणि हे तिरकं ऊन परततं ते सप्टेंबर संपताना. म्हणून शेवटच्या रविवारी मी सगळ्यांना गाळ्यावर बोलावलं, नऊ वाजता. विकासकाचं कुणी आलं नाही. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी आल्या, कुर्ल्याच्या भाड्याच्या घरातून रिक्षा करून, नातवाबरोबर.

आम्ही ते अंगणात दक्षिणेकडे तोंड करून आठ फूट उंच परांचीवर चढवलं. आधी सरळ उभं केलं. ठीक दिसलं, जत्रेतल्या पाटीसारखं. मग मामांनी मागून वरच्या कडेखाली दीड इंचाची पाचर मारली आणि मी वर फूटभर रुंद फळी बांधली. ऊन उजवीकडून आलं.

आजी खाली खुर्चीवर बसून मान वर करून बघत होत्या. त्या साताऱ्याकडच्या, माहेरी मोट होती. बराच वेळाने म्हणाल्या, “सोंदूर दिसतोय गं. मी लग्न होऊन आले तेव्हा दिसायचा. मग मला वाटलं, माझेच डोळे गेले.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आता कुठे लावणार?”

मी त्यांना नकाशा दाखवला. मीटर रूम पूर्वेकडे चार मीटर सरकवली तर दक्षिणेच्या भिंतीचा सहा फुटांचा तुकडा मोकळा होतो, वर फूटभर छज्जाही देता येतो. वीज कंपनीची मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, सुधारित नकाशे भरावे लागतील, काम तीन आठवडे मागे जाईल. सोमवारी मी तो प्रस्ताव विकासकाला आणि सोसायटीला दिला. खाली आजींचीही सही आहे. उत्तर अजून आलेलं नाही.