चाळिशीत रेटिंग काढताना

सांगलीत राहून ‘मी बुद्धिबळ खेळतो’ असं सांगायला जरा धीर लागतो. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्या. माझं औषधांचं दुकान, दुपारी गिऱ्हाईक कमी, तेव्हा मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव. वर्षानुवर्षं हेच. चाळिशी उलटल्यावर डोक्यात आलं की एकदा फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं रेटिंग काढायचं, आपल्या खेळाची ताकद सांगणारा आकडा.

नियम आधी सांगतो, कारण ते नीट कुणी सांगत नाही. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. पहिल्याच स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध भोपळा मिळाला तर ते डाव धरत नाहीत. आणि मार्च २०२४ पासून रेटिंगचा उंबरठा १००० वरून १४०० वर गेलाय, त्याखाली आकडा निघाला तर यादीत नाव लागत नाही. त्यामुळे ‘जाऊ, खेळू, मिळेल’ हा हिशेब आता चालत नाही.

तयारीला बसलो तेव्हा ज्याला त्याला ओपनिंगबद्दलच, म्हणजे डावाच्या पहिल्या ठरीव चालींबद्दलच बोलायचं होतं. मी दोनच घेतल्या. पांढऱ्याकडून लंडन, म्हणजे प्यादं डी४ आणि उंट एफ४ वर. काळ्याकडून पांढऱ्याच्या ई४ ला उत्तर म्हणून कारो-कान. कारो-कान आवडायचं कारण साधं आहे: ई६ खेळण्याआधी सी८ चा उंट बाहेर काढता येतो. फ्रेंच नावाच्या ओपनिंगमध्ये तोच उंट प्याद्यांमागे कोंडून बसतो. यातून एक सवय लागली. काय खेळावं सुचत नसेल, तर आपलं सगळ्यात रिकामं बसलेलं मोहरं कोणतं ते बघायचं आणि त्याला कामाला लावायचं. आमच्या पातळीवर एवढी स्ट्रॅटेजी खूप झाली.

पझल्स, म्हणजे ‘इथून जिंकून दाखवा’ अशी कोडी, लीचेस या वेबसाइटवर फुकट मिळतात. पण धडाधड सोडवण्यात अर्थ नाही. शेवटची चाल डोक्यात दिसेपर्यंत बोट लावायचं नाही, आणि चुकलेली पझल्स आठवड्याने पुन्हा घ्यायची. कंटाळा येतो, तरी.

खरा फरक पडला तो स्कोअरशीटमुळे, म्हणजे चाली लिहायच्या कागदामुळे. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद, अशा डावात शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. जुने लोक सांगायचे, आधी चाल लिही, कागदावर बघ, मग खेळ. आता तसं केलंत तर पंच टोकतील. चाल आधी लिहायला नियमाने बंदी आहे. मात्र खेळलेल्या चालीशेजारी घड्याळात उरलेला वेळ लिहायला हरकत नसते. मी तो लिहू लागलो, आणि घरी आल्यावर इंजिन, म्हणजे चुका दाखवणारा संगणक प्रोग्राम, लावण्याआधी नुसते ते आकडे वाचू लागलो.

डावांमागून डाव एकच चित्र दिसायचं. पाठ असलेल्या चालींवर दहा-दहा मिनिटं घालवलेली, आणि वजिरा-वजिराची मारामारी झाल्यावर लगेचची चाल अर्ध्या मिनिटात. इंजिन लावलं की घसरगुंडी नेमकी तिथूनच सुरू झालेली. मारामारी झाली की मनाला वाटतं, चला, एक काम उरकलं. खरं तर पट तेव्हाच बदललेला असतो: एखादी फाईल, म्हणजे उभी रांग, उघडते, एखादा उंट एकदम निकामी होतो, राजाला मध्यभागी यायला वाट मिळते. मग नियमच केला. मारामारीनंतर हात मांडीखाली, आणि समोरच्याला आता कोणते शह आहेत, काय मारता येतं, ते आधी मोजायचं.

वजीर गेल्यावर बहुतेक वेळा हत्तीचा शेवट उरतो, म्हणून तोच घोटला. त्यात लुसेना नावाची एक स्थिती आहे, प्यादं वजीर व्हायला एक घर उरलेलं असताना जिंकायची; एवढी तरी हाताला बसलीच पाहिजे. पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. काळा राजा जी७, हत्ती सी२. पहिली चाल हत्ती एफ४. आता राजा बाहेर काढायचा: ई७, काळ्याचा शह, डी६, शह, ई६, शह, डी५, पुन्हा शह. आणि मग हत्ती डी४ वर आडवा. काळ्याचे शह संपले, प्याद्याचा वजीर झाला. याला पूल बांधणं म्हणतात. हत्ती चौथ्याच ओळीत का, हे पट मांडून स्वतः बघा, सांगून पटत नाही.

स्पर्धेत गेलात तर समोर चौथीतलं पोर येईल याची तयारी ठेवा. माझ्यासमोर एक मुलगी होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. चाल खेळून पाण्याच्या बाटलीकडे निघून जायची, परत येऊन उभ्याउभ्याच पुढची खेळायची. हत्ती-प्याद्याचा शेवट आला तेव्हा तिने विचारलं, “काका, ड्रॉ?” मी पटाकडे बघितलं. फाईल वेगळी होती, बाकी लुसेनाच. “खेळूया बेटा,” म्हटलं. तिने तीन शह दिले, मी हत्ती मध्ये घातला, तिने हार मानून हात पुढे केला. जाताना म्हणाली, “तुम्हाला पण सरांनी शिकवलं का हे?”

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला यादी आली. १४०० च्या किंचित वर. दुकानातल्या पोराला दाखवलं, तर त्याने विचारलं, यात पैसे किती मिळतात. सध्या फिलिडोर घोटतोय, म्हणजे हत्ती-प्याद्याचाच शेवट, पण बरोबरी राखणाऱ्या बाजूने. तीन मिनिटांचे डाव दुपारी अजूनही होतात, ते काही सुटलेलं नाही.