सोर्स आत आलाच नव्हता

अणुभट्टी म्हटलं की लोक घाबरतात, आणि माझ्या नोकरीची सुरुवात तारापूरला झाली हे कळलं की पहिला प्रश्न तोच, तिथं काही झालं नाही ना तुला. खरं सांगायचं तर किरणांची सगळ्यात जास्त काळजी मला तारापूरला कधीच वाटली नाही, ती वाटली कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या शेडमध्ये.

तारापूरचं पहिलं आणि दुसरं युनिट १९६९ सालचं, उकळत्या पाण्याच्या जातीचं, त्यामुळं इंधन बदलायचं तर रिअॅक्टर बंद करायचा, वरचं झाकण काढायचं, सगळा खड्डा पाण्यानं भरायचा आणि इंधनाच्या जुड्या पाण्याखालूनच उचलून शेजारच्या टाकीत न्यायच्या. त्या काळात बाहेरून कामगारांची नुसती रीघ लागते. आम्ही हेल्थ फिजिक्सची, म्हणजे माणसांना किरणांपासून जपणाऱ्या खात्यातली पोरं, आमचं काम म्हणजे कोण कुठं जातोय, किती वेळ थांबतोय, परमिट आहे का, खिशात डोसिमीटर, म्हणजे अंगाला किती किरण लागले ते मोजणारं यंत्र, आहे का, बाहेर येताना हातपाय तपासले का एवढं बघत उभं राहायचं. अवघड जागेतलं काम असेल तर आधी बाहेर तसंच्या तसं खोटं सेटिंग लावून हात बसेपर्यंत सराव करायचे, म्हणजे आत एक मिनिटसुद्धा वाया जायला नको. तिथं माणूस चुकला तरी दार त्याला अडवतं, गेटवरचा माणूस अडवतो, कागद अडवतो.

फाउंड्रीत अडवायला फक्त एक पिवळी दोरी असते.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूर म्हणजे ओतकामाचं गाव, उद्यमनगरपासून सुरू झालं ते शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेपर्यंत पसरलं. त्यात ज्या फाउंड्र्या वॉल्व्ह, पंप अशा कामाचं स्टील कास्टिंग काढतात त्यांना गिऱ्हाईक सांगतं की आरटी पाहिजे, म्हणजे रेडिओग्राफी. आपला जसा एक्स-रे काढतात तसा कास्टिंगचा, आत ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी आहे का, श्रिंकेज म्हणजे थंड होताना आकसून पडलेली पोकळी आहे का ते फिल्मवर दिसतं. पण तीन बोटं जाड पोलादातून आरपार जायचं तर दवाखान्याचं मशीन पुरत नाही, त्यासाठी इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी धातू वापरतात. त्याच्या गोळीला आम्ही सोर्स म्हणतो. गोळी म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नाही, ती एका जड डब्यात असते, त्याला आम्ही कॅमेरा म्हणतो. डब्याच्या मागं लांब केबल आणि हँडल, पुढं गाईड ट्यूब. लांब उभं राहून हँडल फिरवलं की गोळी ट्यूबमधून पुढं जाते, ठरलेला वेळ झाला की उलटं फिरवून परत डब्यात घ्यायची. याला शॉट मारणं म्हणतात. बंद करायचं बटण असं काही नसतंच, गोळी चोवीस तास किरण सोडतच असते, डब्यात आहे तोपर्यंत आपण सेफ एवढंच. ७४ दिवसांनी तिची ताकद निम्मी होते, म्हणून बदलत राहावी लागते.

मी एका रेडिओग्राफी एजन्सीत आरएसओ आहे, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, त्यामुळं साईटवर न सांगता जाऊन बघणं हा माझ्या कामाचाच भाग. त्या रात्री पाऊस मरणाचा होता, हायवेवर समोरचं दिसत नव्हतं. रेडिओग्राफी रात्रीच करतात कारण शेडमध्ये माणसं कमी असतात. या फाउंड्रीत त्यासाठी वेगळी जाड भिंतींची खोली नव्हती, फिनिशिंग शेडच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून काम चालायचं. मी पोचलो तेव्हा दोन शॉट झाले होते, तिसरा चालू होता. एक मोठी वॉल्व्ह बॉडी लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली, तिच्याजवळ कोलिमेटर, म्हणजे टंगस्टनचं एक टोपण असतं, गोळी त्यात जाऊन बसली की किरण हव्या त्याच दिशेला जातात आणि बाकीकडं बरेच अडतात.

आमचा पोरगा हँडलपाशी उभा होता. हुशार, कष्टाळू, राधानगरीकडचा, परीक्षा पास झालेला. टीएलडी बॅज, म्हणजे नंतर लॅबमध्ये वाचायचा डोसिमीटर, छातीवर होता, दोरी नीट होती, बोर्ड लावलेला होता, लाल दिवा चालू होता. सर्व्हे मीटर, म्हणजे त्या जागी आत्ता किती किरण आहेत ते दाखवणारं यंत्र, मात्र त्यानं हँडलच्या स्टँडला अडकवून ठेवलेला, आणि त्याचं तोंड भिंतीकडं. म्हटलं शॉट संपला की बोलतो यावर. माझा मीटर माझ्या हातात होता.

वेळ झाला, त्यानं उलटं फिरवायला सुरुवात केली. आता इथं एक गोष्ट सांगतो जी या धंद्यातल्या प्रत्येकानं डोळ्यात तेल घालून बघावी. गोळी कोलिमेटरमध्ये असते तोपर्यंत मीटर थोडं दाखवतो. ती बाहेर पडून उघड्या ट्यूबमधून यायला लागली की काटा एकदम चढतो आणि डब्यात शिरली की खट्कन खाली येतो. चढ आणि उतार, दोन्ही दिसले पाहिजेत. त्या रात्री काटा चढला, तासाला दोन मिलिसिव्हर्टपर्यंत गेला (अंगाला बसणाऱ्या किरणांचं हे माप), आणि तिथंच राहिला. पोराचं हँडल घट्ट झालं, फिरायचं थांबलं, त्याला वाटलं आली आत. त्यानं हँडल सोडलं आणि दोरीखालून वाकून निघाला कॅमेऱ्याकडं.

मी ओरडलो, "ए बाळा, जाग्यावर थांब! मागं ये, मागं ये!" पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पहिली हाक त्याला गेलीच नाही. दुसऱ्या हाकेला थांबला.

"सर, आलाय की आत, हँडल टाईट झालंय."

"मीटर बघ."

त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला रागवायची ती वेळ नव्हती.

त्या दिवशी सोर्सची ताकद साधारण २८ क्युरी होती. तो पोरगा पुढं जाऊन काय करणार होता तर ट्यूब कॅमेऱ्यापासून सोडवणार होता, फिल्म बदलणार होता, म्हणजे हात आणि पोट गोळीपासून वीतभर अंतरावर. उघड्या गोळीपासून १० सेंटीमीटरवर एका मिनिटात २०० मिलिसिव्हर्टच्या वर डोस बसतो. आमच्यासारख्या कामगाराला वर्षाची मर्यादा सरासरी २० आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या पुढं जायचंच नाही. दहा वर्षांचा कोटा एका मिनिटात, आणि जाणवणार काहीच नाही, ना चटका ना वास. कातडी लाल व्हायला कधी कधी दिवस जातात. १९९९ साली पेरूमध्ये यानांगोला एका वेल्डरनं अशीच सुटलेली इरिडियमची गोळी उचलून मागच्या खिशात टाकली, ती काही तास खिशातच होती, त्याचा पाय कापावा लागला. १९८४ ला मोरोक्कोत तशीच गोळी एकानं घरी नेली आणि आठ माणसं गेली. अणुभट्टीचा एक अपघात सगळ्या जगाला माहीत असतो, हे कुणाला माहीत नसतं.

पहिलं काम, गोळी परत पुढं ढकलायची. लोकांना हे उलटं वाटतं, अडकली तर ओढून काढा ना. पण आत येत नसेल तर उघड्या ट्यूबमध्ये ठेवण्यापेक्षा कोलिमेटरमध्ये परत पाठवणं शहाणपणाचं, तिथं निदान टंगस्टनचा आडोसा आहे. मी हँडल हातात घेतलं, पुढं फिरवलं, काटा खाली आला, जरा हायसं वाटलं. मग शेजारच्या शेडमधली फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी माणसं बाहेर काढली, मीटर बघत बघत दोरी मागं नेली. शिफ्ट सुपरवायझर धावत आले, "साहेब, पहाटे गाडी लागायची हाय, डिस्पॅच हाय, किती येळ लागंल?" म्हटलं, "गाडी थांबवा. वेळ मी सांगू शकत नाही." ऑफिसला आणि मुंबईला अणुऊर्जा नियामक परिषदेला, म्हणजे या कामावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, फोन केले, जे कळवायचं ते कळवलं.

टॉर्च मारून लांबून बघितलं तेव्हा कारण दिसलं. खालचा एक ठोकळा ओला होऊन सरकलेला, कास्टिंग कलंडलं होतं आणि त्याची फ्लँज, म्हणजे बाहेर आलेली कडा, थेट गाईड ट्यूबवर बसली होती. म्हणजे शॉट चालू असतानाच ते घसरलं, पावसाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. आता ते कास्टिंग उचलल्याशिवाय गोळी येणार नाही, आणि उचलायचं तर क्रेनचा हुक त्याच्यापर्यंत गेला पाहिजे. एक गोष्ट आमच्या बाजूनं होती, कास्टिंगला उचलायचा पट्टा तसाच ठेवलेला होता.

क्रेन चालवणारे मामा साठीकडं झुकलेले, याच शेडमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं खरं सांगितलं, काय आहे, कुठं आहे, लांब उभं राहिलं की किती कमी होतं, आणि नको वाटत असेल तर नाही म्हणा, मी दुसरं बघतो. ते म्हणाले, "तुमी पुढं हाय न्हवं? मग मी हाय मागं." त्यांना माझ्याकडचा जादा डोसिमीटर लावला. क्रेनचा पेंडंट, म्हणजे वरून लोंबणारा बटणांचा डबा, वेगळ्या पट्टीवरून सरकत होता, त्यामुळं ते दहा मीटर लांब, मोठ्या कास्टिंगच्या थप्पीमागं उभं राहू शकत होते. पोलाद साधारण १३ मिलिमीटर आडवं आलं की या किरणांचे निम्मे अडतात, आणि ती थप्पी तर हातभर जाड होती. खडूनं फरशीवर हिशोब मांडला, मामांना पाच मिनिटांत बसणारा डोस छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी निघाला. मग मी ठरवलं की जायचं.

पण लगेच गेलो नाही. तारापूरची सवय. दोरीच्या बाहेर तसंच एक कास्टिंग ठोकळ्यावर ठेवलं, पट्टा बांधला, आणि भट्टीवर मळी काढायला वापरतात ती लांब सळई घेऊन पट्ट्याचा फास हुकात अडकवायचा सराव केला. पहिल्यांदा जमायला बराच वेळ गेला, फास फिरतो, हुक झुलतो. सळईचं टोक जरा वाकवून घेतलं. मामा हुक कुठं आणून उभा करणार, मी कुठल्या बाजूनं जाणार, हात वर केला की काय आणि खाली केला की काय, सगळं घोकलं, वीस-पंचवीस सेकंदांत जमायला लागलं तेव्हाच थांबलो. सुपरवायझर घड्याळ बघत होते, बघू दे म्हटलं.

खऱ्या कामाला त्याहून थोडाच जास्त वेळ लागला. कोलिमेटरच्या बंद बाजूनं गेलो, दोन मीटरवरून सळई पुढं केली, पहिल्यांदा फास निसटला, दुसऱ्यांदा बसला, मागं फिरलो. मामांनी कास्टिंग इतकं अलगद उचललं की ट्यूब हललीसुद्धा नाही, आणि बाजूला नेऊन ठेवलं.

आता ट्यूब चेपली होती का नुसती वाकली होती हे लांबून कळत नव्हतं. चेपली असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हँडल मी धरलं, पोराला म्हटलं तू मीटर धर आणि आकडा मोठ्यानं वाच. काटा चढला, हँडल त्याच जागी अडलं. जोर लावला नाही, परत थोडं पुढं सोडलं, हळू ओढलं, परत अडलं. तिसऱ्यांदा एक हिसका बसला आणि सुटलं, पोरगा आकडे वाचतोय, वाचतोय, आणि एकदम म्हणाला, "सर, पडला! काटा पडला!" मीटर पुढं धरून चालत गेलो, ट्यूब तपासली, कॅमेरा चारी बाजूंनी तपासला, कुलूप लागलेलं बघितलं, किल्ली काढून खिशात टाकली.

माझ्या डोसिमीटरवर ४० मायक्रोसिव्हर्ट (हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसिव्हर्ट), पोराचा शंभरच्या आत, मामांचा हिशोबात धरण्यासारखाही नाही. तरी सगळे टीएलडी लगेच तपासायला पाठवले आणि अणुऊर्जा नियामक परिषदेला रिपोर्ट गेला. उरलेले शॉट दुसऱ्या ट्यूबनं मारून टाका, असा डिस्पॅचच्या साहेबांचा फोन आला, मी सरळ नाही म्हटलं. ठेचलेली ट्यूब, केबल, पुढचा जोड हे सगळं गेजनं तपासल्याशिवाय तो कॅमेरा उघडणार नव्हता.

सकाळी फेटलिंगची माणसं परत आली तर त्या कास्टिंगला कुणी हात लावेना. एक ताई म्हणाल्या, "दादा, आता ह्यात ते किरण बसलं असतील की." बरोबर प्रश्न होता, आणि रात्रीच सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं असं त्यांचं म्हणणंही बरोबर होतं, बाहेर काढताना कारण न सांगता नुसतं हाकललं तर माणूस घाबरणारच. त्यांना सांगितलं की उन्हात ठेवलेला दगड अंधारात उजेड देत नाही तसंच हे, गोळी डब्यात गेली की कास्टिंगमध्ये काही राहत नाही. मीटर त्यांच्याच हातात दिला, त्यांनी स्वतः कास्टिंगवरनं फिरवला, मग शेडमध्ये सगळ्याकडं फिरवला, आणि मगच ग्राइंडर चालू केला.

आता आमच्या एजन्सीत मीटर स्टँडला अडकवायचा नाही, गळ्यात पाहिजे, आणि दुसरा माणूस आकडा मोठ्यानं वाचतो. कास्टिंगखाली लाकडी ठोकळे बंद, लोखंडी पाचर. त्या फाउंड्रीला मी जाड भिंतींच्या खोलीचा नकाशा काढून दिलाय. एकट्याला खर्च परवडत नसेल तर शेजारच्या दोन फाउंड्र्या मिळून एक खोली बांधा, मंजुरीचे कागद मी करून देतो, असंही सांगितलंय. मालकांनी जागा दाखवलीय, भट्टीच्या मागची, शेजारचे मालक अजून हो म्हणत नाहीत, या आठवड्यात परत जाऊन बसणार आहे त्यांच्याकडं.