तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुझ्याकडे आहे ना, मग टाकत का नाहीस?’

कुणी लाडीगोडीने विचारतं. कुणी जुने उपकार काढतं, ‘ती रेडिओ कार्यक्रमाची रिप (टेपवरून उतरवलेली फाइल) तुला कुणी दिली होती, आठवतंय का?’ आणि अलीकडे तर ज्यांचं नावगाव मला ठाऊक नाही अशी माणसं थेट ‘खजिन्यावरचा नाग’ म्हणून मोकळी होतात. प्रश्न एकच: नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या एका रॅपरचा तो डेमो, म्हणजे नमुन्यादाखल भरलेल्या गाण्यांची कॅसेट, तुझ्याकडे आहे, तर इंटरनेटवर टाकून सगळ्यांना ऐकू का देत नाहीस? एकदाच काय ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हेच पुढे करता येईल.

आधी आरोपाचं बघू. मी आजवर एकही गाणं विकलेलं नाही. ‘तू ते दे, मग मी हे देते’ असली देवाणघेवाणही करत नाही. वीस सेकंदांचा तुकडा सोडून लोकांना झुलवत ठेवणाऱ्यांचा मला तुमच्याइतकाच राग येतो. बाकी ‘हे फक्त माझ्याकडे आहे’ याची गुदगुली मला होतच नाही असं म्हटलं तर तुम्ही हसाल. होते. पण तेवढ्यासाठी इतक्या शिव्या कुणी खात नाही.

गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी इतरांना विचारत होते, आणि तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. मुद्दे तोंडपाठ होते. केएमडी या रॅप गटाचा ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ हा अल्बम इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने 1994 मध्ये मुखपृष्ठाच्या वादावरून अडवला. गटातला सबरॉक त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. पुढे त्याचा भाऊ आणि गटातला जोडीदार झेव्ह लव्ह एक्स, ‘एमएफ डूम’ या नव्या नावाने परत आला, तोवर हा अल्बम बूटलेगवरच, म्हणजे चोरून काढलेल्या प्रतींवरच, जगला. संगीत निर्माता पीट रॉकच्या आयएनआय या गटाचंही तेच. अल्बम तयार, रेकॉर्ड कंपनीने कपाटात टाकला, रीतसर बाहेर आला तो 2003 मध्ये. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या रेडिओ केंद्रावर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो 1990 ते 1998 रॅपचा कार्यक्रम करायचे, गुरुवारी मध्यरात्र उलटल्यावर एक ते पाच. त्यातलं जे आज ऐकायला मिळतं त्यातलं पुष्कळसं झोपमोड करून घरी टेप करणाऱ्या पोरांच्या कृपेने. कंपन्यांच्या तिजोरीचं काय सांगता? 1 जून 2008 ला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, गाण्यांच्या मूळ मास्टर टेप जळाल्या, आणि त्याचा आवाका बाहेर आला 2019 मध्ये, तोही वर्तमानपत्राने छापला म्हणून. कंपनीने त्या आकड्यांवरही हरकत घेतली. कलाकाराच्या घरी तरी काय हमी? वू-टँग क्लॅन या गटाच्या रिझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि त्याच गटातल्या इन्स्पेक्टा डेकच्या पहिल्या अल्बमसाठीचे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, वाहून गेलं. म्हणून कॉपी जितक्या जास्त हातांत तितकी बरी, असं मी ठासून सांगायचे. यातला एकही मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. अडचण तीच आहे.

तर ती कॅसेट. कुणाचं तरी घर रिकामं करताना निघालेल्या ढिगात ती होती. विकणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नव्हता. 90 मिनिटांची, लेबलवर बॉलपेनने एक टोपणनाव आणि 718 ने, म्हणजे न्यूयॉर्कच्या कोडने, सुरू होणारा फोन नंबर. टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा आत गळून पडला होता. कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं. शिवणीत पातं घालून ते उघडलं आणि रिळं दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसवली. वाजवली तर पहिला अर्धा तास रेडिओवरून भरलेलं काहीबाही, मग चार गाणी. आवाज पोरसवदा, चिरका. कुणाचा ते काही लागेना.

अमेरिकेतल्या विजेची घरघर 60 हर्ट्झवर असते, आणि स्वस्तातल्या रेकॉर्डिंगमध्ये ती हमखास शिरते. माझ्या रिपमध्ये ती 62 च्या आसपास दिसत होती, म्हणजे टेप तीनेक टक्के जोरात पळत होती. (माझ्या कॅसेट डेकची घरघर इथल्या विजेची, 50 ची, त्यामुळे गल्लत व्हायचा प्रश्न नव्हता.) वेग उतरवला, आवाज जड झाला आणि पहिल्याच ओळीला मी उठून उभी राहिले. रेडिओच्या एका रिपवरचा याच माणसाचा फ्रीस्टाइल, म्हणजे ऐनवेळी रचत म्हटलेला रॅप, मला पाठ होता. चौथं गाणं मात्र अर्धंच आहे. बाजू संपते आणि शब्द मध्येच तुटतो.

माणूस सापडला. त्याच्याकडे स्वतःची एकही कॉपी उरलेली नव्हती, मी फाइल पाठवली. बरेच दिवस काहीच नाही, मग फोन आला. आधी तो नुसता हसत होता. स्टुडिओ म्हणजे कुणाची तरी झोपायची खोली, माईक कपाटात कोटांच्या मध्ये टांगलेला, हुकमध्ये (ध्रुवपदात) मागे ओरडणारी पोरं कोण, सगळं सांगितलं. मग म्हणाला, ‘दुसरं गाणं ऐकलंस? नीट ऐकलंस?’

ऐकलं होतं. त्यातल्या दुसऱ्या व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, एका मुलाचं पूर्ण नाव आहे, आणि त्याने काय केलं तेही. मला ती फुशारकी वाटली होती, रॅपमध्ये असते तशी.

‘ती फुशारकी नाही,’ तो म्हणाला. ‘त्या गोष्टीसाठी त्याला कधी कुणी पकडलं नाही. तो आता नाही. त्याची आई दर रविवारी चर्चमध्ये माझ्या आईच्या शेजारी बसते. मी एकोणीस वर्षांचा होतो.’ मग विचारलं, ‘तू काय करणार आहेस याचं?’

बाहेर काढू नकोस, असं तो म्हणालाच नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही, असं मी सांगून बसले.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला आवडेल. बीट ज्याने केले तोही आहे. दोघांचं बोलणं कधीचंच बंद. मूळ डॅट (डिजिटल टेप) त्याच्याकडे आहे, पण आता कुठल्याच यंत्रात धड वाचली जात नाही, म्हणजे फिरून सगळं माझ्या कॅसेटवर येतं. त्याचं म्हणणं, ‘माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या टेपवर आहे. त्याच्या आईच्या मैत्रिणीपायी मी ते कुणाला ऐकवायचं नाही?’ मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तोडगाही त्यानेच काढला: रेडिओवर शिव्या पुसतात तसं नाव पुसून टाक.

मी करून पाहिलं. नाव यमकात आहे. पुढच्या चार ओळी त्याच नावाशी जुळत जातात. नाव पुसलं की तिथे नेमक्या त्याच आकाराचं भोक पडतं आणि त्या वस्तीतला कुणीही ते भरू शकतो. ‘मग ते एक गाणं वगळ,’ असंही तुमच्यापैकी एकाने सुचवलं. बीटवाल्याचा जीव नेमका त्याच गाण्यात आहे. शिवाय तीन बाहेर आली की वगळलेल्या एकाच्या मागे आपली मंडळी कशी लागतात हे मी तुम्हाला सांगायचं? कलाकारांची परवानगी घेऊन जुने डेमो मोजक्या प्रतींत काढणारी छोटी रेकॉर्ड लेबलं आहेत, पण त्यांना दोघांच्या सह्या लागतील. आणि सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांचं, बोलायलाच नको. रॅपर बिझ मार्कीवरच्या सॅम्पलच्या खटल्यातल्या 1991 च्या निकालानंतर कुणी ते सहज अंगावर घेत नाही.

कॉर्नेल विद्यापीठात 2007 पासून हिप-हॉपचा संग्रह आहे. अशा एखाद्या ठिकाणी टेप ठेवावी, ठरावीक वर्षं कुणाला ऐकू न देण्याच्या अटीवर, असं मी रॅपरला लिहिलं. उत्तर आलेलं नाही. बीटवाल्याला ही कल्पना ऐकूनच संताप आला; तोवर मी कुठे असेन, म्हणाला.

माझ्यातली ती जुनी भांडखोर बाई गप्प बसलेली नाही. ती म्हणते, दोन हार्ड डिस्कवर पडून असलेलं आणि कुणीच न ऐकलेलं गाणं हरवलेल्या गाण्यापेक्षा वेगळं कसं? अशी नावं तर अर्ध्या रॅपमध्ये आहेत, प्रत्येकाच्या आईला विचारत बसलो तर उरेल काय? मी म्हणते, जे आधीच बाहेर आहे त्याचा निर्णय माझ्या हातात नव्हता, हा आहे. ती म्हणते, ही पळवाट आहे. असेल. आणि कुणाला ऐकू द्यायचं नाही म्हणतेस, पण तू स्वतः तर ऐकतेस, हा टोलाही ती मारतेच. ऐकते. दुसरं गाणं सगळ्यात जास्त.

आता हे वाचून ‘मला एकट्याला दे, मी कुणाला देणार नाही’ असा निरोप टाकायच्या बेतात असाल, तर राहू द्या. तसं वचन देणाऱ्यांकडूनच फुटलेली गाणी माझ्या संग्रहात आहेत.